हैबतीचा नगारा आणि कासवाचा शब्द

खूप खूप वर्षांपूर्वीची गोष्ट. इतक्या वर्षांपूर्वीची, की आज ज्या वस्तू जुन्या आहेत त्या तेव्हा नव्या होत्या, आणि तेव्हाच्या जुन्या वस्तू तर आता उरल्याच नाहीत.

तेव्हा एक राज्य होतं. डोंगर भरपूर, रस्ते कमी. या गावच्या माणसाने त्या गावच्या माणसाचं तोंडसुद्धा कधी बघितलेलं नसे. पण अडगळ सगळ्यांच्याच घरी होती. कुणाकडे सासूने आणलेलं जातं. कुणाकडे एका बाजूला कलणारा पलंग. एकाकडे चांगली सागवानी होडी होती, पण त्याच्या गावाला नदीच नव्हती.

एकाची अडगळ म्हणजे दुसऱ्याची गरज, हे त्या लोकांना कळलं होतं. पण हे दुसऱ्याला सांगायचं कसं?

त्यासाठी पोपट होते.

प्रत्येक गावच्या वडावर पोपटांचा थवा असायचा. एक हिरवी मिरची दिली की पोपट निरोप घेऊन उडायचा आणि गावोगावच्या वडांवर ओरडत सुटायचा, "पलंग विकणे आहे! जरा कलतो! उजव्या कुशीवर झोपणाऱ्यांसाठी उत्तम!"

पोपट खोटं बोलत नसत. खरंही बोलत नसत. ते नुसते बोलत.

आणि त्या राज्यात एक रीत होती. पोपटाला उलटा प्रश्न करायचा नाही. निरोप ऐकायचा, "बरं" म्हणायचं, मिरची द्यायची. "हे तुला कुणी सांगितलं रे, तो दिसतो कसा" असं पोपटाला विचारणं म्हणजे पाहुण्याला "निघताय कधी?" म्हणून विचारण्यासारखं. असं कुणी विचारलं तर लोक म्हणत, "याच्यावर घरी काही संस्कार नाहीत."

पैशांची सोयही चोख होती. राज्याच्या मधोमध एक तळं होतं. तळ्याच्या काठाला प्रत्येक घराची एक दगडी पेटी. पेटीच्या झाकणात एक बारीकशी फट, आणि झाकणावर एक भलंमोठं कासव. फटीतून कुणीही पैसा टाकावा, कासव काही म्हणायचं नाही. पण आतला पैसा बाहेर काढायचा असेल तर कासवाच्या कानात एक गुपित शब्द सांगावा लागे. शब्द बरोबर असला की कासव झाकणावरून बाजूला व्हायचं. मग तो शब्द कुणीही सांगितलेला असो. कासवाला माणसं ओळखू येत नसत. त्याला सगळी माणसं सारखीच दिसत. उंच आणि घाईत.

तळ्याजवळच्या टेकडीपलीकडे एका गावात हैबती आणि सगुणा हे नवरा-बायको राहत होते. त्यांचाही एक शब्द होता. लग्न झालं तेव्हा दोघांनी मिळून ठरवलेला. तो इथे सांगता येणार नाही. का, ते पुढे कळेल.

हैबती पूर्वी राजाच्या वेशीवर पहाटेचा नगारा वाजवायचा. पुढे राजाचं डोकं दुखायला लागलं. राजाने नगारा बंद केला आणि त्या जागी एक कोंबडा नेमला. कोंबड्याला पगार जास्त होता. हैबतीला इतक्या वर्षांच्या चाकरीबद्दल काय द्यावं, यावर दरबारात बरीच चर्चा झाली आणि शेवटी तो नगाराच त्याला देऊन टाकला.

नगारा होता बैलाएवढा. बसलेल्या नव्हे, उभ्या. घराची भिंत पाडून तो आतल्या खोलीत घेतला आणि भिंत परत बांधली. तेव्हापासून त्या खोलीत नगारा राहत होता आणि नवरा-बायको उरलेल्या घरात राहत होते. हैबती रोज त्याला पुसायचा. सणावाराला त्याच्यापुढे नैवेद्याचं पान ठेवायचा आणि थोड्या वेळाने ते स्वतः खायचा.

असं सगळं छान चाललं होतं. आणि एके दिवशी त्यांच्या मुलीचा, आवडीचा, सासरहून निरोप आला. तिला दिवस गेले होते.

"पहिलं बाळंतपण माहेरी," सगुणा म्हणाली. "पुढच्या पौर्णिमेला जावईबापू तिला पोचवायला येतायत. पोरगी निजणार कुठे? नगाऱ्यात?"

हैबतीने नगाऱ्याकडे बघितलं. मग सगुणाकडे बघितलं. मग परत नगाऱ्याकडे.

"विचार पण करू नका," सगुणा म्हणाली.

तळ्यावरच्या पेटीत दोघांनी बाळंतपणासाठी पैसे साठवले होते. सुईण, दुपटी, लाडवांचं तूप, डिंक, खोबरं. पैसे होते. जागा नव्हती. म्हणून हैबतीने जड हाताने पोपटाला मिरची दिली आणि तितक्याच जड आवाजात सांगितलं, "नगारा देणे आहे. चांगल्या घरी."

पहिलं गिऱ्हाईक आलं, शेजारच्या गावचा तेली. स्वतः चालत आला होता. त्याने नगाऱ्यावर टिचकी मारली, कान लावला, आणि मान हलवली.

"आतून पोकळ आहे हो."

"नगारा आहे तो," हैबती म्हणाला.

"हो, पण पोकळ मालाला एवढे पैसे? मी घेईन तेल भरायला. पण निम्म्या भावात."

"वाट तीच आहे, ज्या वाटेने आलात ती," हैबती म्हणाला.

नंतर एक बाई आली. तिने नगाऱ्यावर तळहात टेकवून बघितला. "उन्हात चांगला तापतो का? पापड वाळत घालायला झकास होईल." हैबतीने तिला अंगणात नेऊन "नाही" म्हणून सांगितलं. नगाऱ्याला ऐकू जाऊ नये म्हणून.

मग एका सकाळी एक पोपट आला. दारावर बसला आणि भारदस्त आवाजात म्हणाला, "आम्ही सरदार. मोहिमेवर आहोत. येणं जमणार नाही. पण तुमचा नगारा म्हणजे राज्याचं वैभव! असा नगारा होणे नाही! तुम्ही म्हणाल ती किंमत."

हैबतीच्या डोळ्यांत पाणी आलं. राजाच्या दरबारातसुद्धा नगाऱ्याला कुणी वैभव म्हटलं नव्हतं. राजाने तर त्याला "ते" म्हटलं होतं.

"बघितलंस?" तो सगुणाला म्हणाला. "याला म्हणतात पारख."

सगुणा मेथ्या निवडत होती. तिने मान वर केली. "घासाघीस नाही केली त्याने?"

"सरदार आहे तो."

"असू दे की. माणूस वांगी घेताना सुद्धा दोनदा खाली ठेवतो. ज्याला वस्तू घ्यायची असते ना, तो आधी तिला नावं ठेवतो. हा न बघताच आरती ओवाळतोय. त्याला नगारा नकोय हो."

"मग काय हवंय?"

"ते मला कळत नाहीये. म्हणून तर धास्ती वाटते."

"तुला नगाऱ्याचं कौतुक कधी नव्हतंच," हैबती म्हणाला आणि फुरंगटून पान खायला बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी तोच पोपट परत आला. "सरदार म्हणतात, इसार तुमच्या पेटीत टाकला. ऐका." त्याने मान फुगवली, चोच उघडली आणि हुबेहूब आवाज काढला. "खण्ण!"

"ऐकलंस सगुणे? इसार आला!"

"मी पोपट ऐकला," सगुणा म्हणाली. "तळं काही काशीला नाहीये. टेकडीपलीकडे जा, आणि पेटीत नाणं पडलंय का ते बघून या."

"सरदाराच्या शब्दावर संशय घेऊ? उद्या म्हणशील, त्याला विचारा तुझी फौज कुठाय!"

"विचारायला काय हरकत आहे?"

"पोपटाला उलटं विचारायचं?" हैबतीने कानाला हात लावला. "आपल्या घरात असलं चालत नाही."

तिसऱ्या दिवशी सगुणा आवडीच्या खोलीची भिंत सारवायला पांढरी माती आणायला गेली. ती गेली आणि पोपट आला. या वेळी त्याला धाप लागली होती.

"सरदार म्हणतात, घोटाळा झालाय! उरलेला पैसा फौजेचा आहे. फौजेची नाणी भाकरीएवढी असतात. फटीतून जात नाहीत. झाकण उघडावं लागेल. कासवाचा शब्द कळवा, म्हणजे पैसे आत ठेवता येतील. लगेच कळवा! दुसऱ्या एकाचा नगारा बघून ठेवलाय. दुपार टळली की तो घेणार!"

दुसऱ्या एकाचा नगारा! हैबतीला पुढचं सगळं दिसू लागलं. आपला नगारा इथेच राहणार आणि आवडी ओट्यावर निजणार, नाहीतर तेली नगाऱ्यात तेल भरणार. सगुणाची वाट बघायला हवी, असं त्याला वाटलं. पण ऊन वर चढत होतं आणि पोपट पंख हलवत होता.

हैबतीने इकडेतिकडे बघितलं आणि पोपटाच्या कानात शब्द सांगितला.

"लवकर पोचवलास तर आणखी एक मिरची," तो म्हणाला.

पोपट उडाला, आणि बघता बघता मिरची न्यायला परतही आला. हैबती इतका खूश होता की त्या आनंदात तो राज्याची रीतच विसरला.

"काय रे," त्याने विचारलं, "सरदारांच्या छावणीत हत्ती किती आहेत?"

पोपटाने मिरची खाली ठेवली. त्याला आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं.

"कसली छावणी?" तो म्हणाला. "तळ्याकाठी जांभळीखाली एक माणूस बसलाय. शेंगा खातो. टरफलं माझ्या अंगावर टाकतो."

"आणि फौज?"

"एक बकरी आहे. ती पण त्याची नाही."

हैबती मटकन खाली बसला. "अरे, मग आधी का नाही बोललास?"

"विचारलं नाहीत," पोपट म्हणाला. "मला इतके दिवस वाटत होतं, कुणीतरी विचारावं." आणि तो मिरची घेऊन उडून गेला.

खरं तर हैबतीने तेव्हाच उठून पळत सुटायला हवं होतं. पण माणूस फसला की त्याला पैशाआधी स्वतःची लाज वाटते. हैबती उठला, आतल्या खोलीत गेला आणि नगाऱ्यामागे लपून बसला. तिथे बसून तो ठरवू लागला, की सगुणाला हे कधी सांगावं. जेवण झाल्यावर सांगू. नाही, उद्या सांगू. नाहीतर बाळंतपण होऊ दे. नाहीतर नातवाच्या लग्नात सांगू, तेव्हा सगळेच आनंदात असतील.

इतक्यात सगुणा मातीची पाटी घेऊन आली.

"अहो? कुठे आहात?" ती खोलीच्या दारात थांबली. "नगाऱ्यामागून पाय दिसतायत."

"ते नगाऱ्याचे आहेत," आतून आवाज आला.

"नगाऱ्याच्या टाचांना भेगा आहेत?"

आतून नाक ओढल्याचा आवाज आला. सगुणाने पाटी खाली ठेवली.

"काय झालं हो?"

"सगुणे, मी शब्द सांगितला. कासवाचा. त्या सरदाराला. तो सरदार नाहीच. शेंगा खातोय."

सुईण, दुपटी, तूप, सगळं सगुणाच्या डोळ्यांसमोरून गेलं. मग तिने पदर खोचला.

"मला तुमचा राग आलाय," ती म्हणाली. "भयंकर आलाय. पण राग काही पळून जात नाही. पैसे जातील. आधी बाहेर या आणि पायात घाला काहीतरी."

दोघं धावत टेकडी चढले आणि धावत उतरले. धावताना हैबतीचं मुंडासं उडालं, ते त्याने उचललं नाही.

तळ्यावर जे दिसलं ते असं. कासव त्यांच्या पेटीवरून बाजूला होत होतं. शब्द मिळाल्याबरोबर त्याने सुरुवात केली होती आणि अजून ते अर्ध्यावर पोचलं होतं. शेजारी एक बारीकसा माणूस मांडी घालून बसला होता. त्याच्यापुढे टरफलांचा ढीग होता.

"जरा लवकर होतंय का बघ ना," तो कासवाला म्हणत होता.

"निघालोय," कासव म्हणालं.

तेवढ्यात त्या माणसाला झाकण सरकवून आत हात घालण्याएवढी जागा दिसली. तो पोटावर आडवा झाला आणि त्याने कोपरापर्यंत हात आत घातला.

"ए शेंगदाण्या!" सगुणा अशी ओरडली की तळ्यावरची सगळी कासवं कवचात शिरली. त्यांचं कासव सोडून. ते कामावर होतं.

त्या माणसाने वर बघितलं. एक बाई, तिच्यामागे एक बिनामुंडाशाचा माणूस, आणि दोघं वाऱ्यासारखे येत होते. मुठीत आलं तेवढं घेऊन तो उठला आणि पळाला. बकरीने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"परत बस! परत बस!" हैबती कासवाला म्हणाला.

"शब्द?" कासव म्हणालं.

सगुणाने वाकून त्याच्या कानात शब्द सांगितला. "बरं," कासव म्हणालं आणि परत झाकणावर यायला निघालं.

ते पोचेपर्यंत नवरा-बायको त्या उघड्या जागेवर हात पसरून बसून राहिले. ऊन कललं.

"आता मी रागावते," सगुणा म्हणाली.

"रागाव," हैबती म्हणाला.

कासवाने बराच वेळ घेतला. सगुणाने त्यातला एक क्षणही वाया घालवला नाही. पण रागावताना मध्येच तिने त्याच्या उघड्या डोक्यावर पदर धरला, ऊन लागत होतं म्हणून.

"तूसुद्धा कसला रे राखणदार?" हैबती शेवटी कासवावर चिडला. "कुणीही येतो, शब्द सांगतो, आणि तू उठतोस?"

"तू मला कुणासाठी ठेवलंयस?" कासवाने शांतपणे विचारलं. "ज्याच्याकडे शब्द असेल त्याच्यासाठी. शब्द कुणाकडे असावा, हे मी ठरवत नाही." मग ते नीट टेकलं. "आता नवा शब्द सांगा. जुना वाऱ्यावर गेला."

दोघांनी नवा शब्द सांगितला. तोही इथे सांगता येणार नाही.

कासव टेकण्याआधीच सगुणाने पेटी तपासली होती. इसाराचं नाणं अर्थातच नव्हतं. एक मूठ पैसा गेला होता. त्या मुठीत लाडवांचं तूप होतं, डिंक होता आणि खोबरं होतं. सुईण आणि दुपटी वाचली होती. हैबती नगाऱ्यामागे आणखी थोडा वेळ बसला असता तर तीही वाचली नसती.

घरी येताना सगुणा म्हणाली, "झालं ते झालं. आता गावात बोलू नका कुठे. लोक हसतील."

हैबती वाटेत थांबला.

"सगुणे," तो म्हणाला, "मी आयुष्यभर काय केलं? पहाटे नगारा बडवून लोकांना उठवलं. रोज लोकांनी मला शिव्या दिल्या. पण उठले की नाही?"

"उठले."

"मग आता हसू देत."

त्याने परसातल्या सगळ्या मिरच्या तोडल्या. वडाखाली गेला आणि एकूण एक पोपटाला बोलावलं. त्या दिवसापासून राज्यातल्या प्रत्येक वडावर एकच गजर सुरू झाला. "हैबती फसला! पैसे येणार म्हणून कासवाचा शब्द सांगून बसला! तुम्ही सांगू नका! हैबती फसला!" आणि शेवटी पोपटांनी स्वतःच्या पदरचं हसू घातलं.

अख्खं राज्य हसलं. पोरांनी त्याचा खेळ केला. एक पोरगं सरदार व्हायचं, एक हैबती, आणि हैबती व्हायला कुणी तयार नसायचं. राजाही हसला आणि त्याचं डोकं परत दुखलं.

पण त्याचबरोबर एक गोष्ट झाली. लोक पोपटांना उलटे प्रश्न विचारू लागले. कोण आहे? राहतो कुठे? तू स्वतः बघितलंस की नुसतं ऐकलंस? इतक्या पिढ्यांत कुणी विचारलं नव्हतं, त्यामुळे पोपटांकडे सांगण्यासारखं भरपूर साठलं होतं. काही पोपट तर बोलता बोलता रडले.

तो शेंगा खाणारा माणूस डोंगरापलीकडच्या गावात गेला आणि त्याने नवा पोपट पाठवला. "आम्ही सरदार, मोहिमेवर आहोत..." समोरून उत्तर आलं, "शेंगा संपल्या का?" दुसऱ्या गावातून तेच. तिसऱ्या गावातून तेच, आणि वर हसू. शेवटी त्याला शेंगा विकायचा धंदा करावा लागला. तो उधारीवर देत नाही. म्हणतो, अनोळखी माणसांचा भरवसा नसतो.

इकडे पौर्णिमा जवळ आली आणि नगारा होता तिथेच होता. तेव्हा एका पोपटाने नवा निरोप आणला. "नगारा बघायचाय. भाव फार वाटतोय. कमी करणार असाल तर येते."

"कोण विचारतंय?" हैबतीने लगेच विचारलं. "राहते कुठे? दिसते कशी?"

"डोंगरातल्या कपारीत राहते," पोपट आनंदाने म्हणाला. "काळी आहे. केसाळ आहे. नखं एवढी लांब."

"म्हणजे अस्वल आहे का?"

"हो. अस्वलीण."

हैबतीने सगुणाकडे बघितलं. सगुणाने थोडा विचार केला. "घासाघीस करतेय ना? मग तिला खरंच हवाय. बोलवा तिला. पण चौकात, दिवसाढवळ्या. आणि आधी म्हणावं बघा, वाजवा, मग बोला."

अस्वलीण आली. गाव जमलं. जरा लांबून जमलं. नगारा बाहेर काढायचा तर भिंत पाडायला हवी होती, ती अस्वलिणीने खांदा लावून पाडली. मग तिने नगाऱ्याभोवती फेरी मारली, त्याचा वास घेतला आणि नाक मुरडलं.

"जुना आहे."

"जुनाच विकतोय," हैबती म्हणाला.

"इथे पोचा आलाय. कातड्याचा रंग उडालाय. बैलाचा वास येतो. निम्मा भाव."

"बैलाचं कातडं आहे, त्याला काय मोगऱ्याचा वास येणार?"

अस्वलिणीने अशी घासाघीस केली, अशी घासाघीस केली, की हैबतीला भरून आलं. मग तिने पंजा उचलून नगाऱ्यावर एक थाप दिली. घुमलेला आवाज डोंगरावर जाऊन परत आला. लोकांची कौलं थरथरली.

"कशाला हवाय हो तुम्हाला?" सगुणाने विचारलं.

अस्वलीण जरा लाजली. "दोन पिल्लं आहेत. ढग गडगडले की घाबरून माझ्या पोटात शिरतात. घरात रोज थोडं गडगडलं की सवय होईल."

हैबतीने तिथल्या तिथे भाव उतरवला. सगुणाने त्याला कोपराने ढोसलं, पण हळूच.

"ठरलं तर," अस्वलीण म्हणाली. "माझीही पेटी आहे तळ्यावर. मला एवढ्या लांब चालवत नाही. तुम्हीच जाऊन काढून घ्या पैसे. माझ्या कासवाचा शब्द सांगते. शब्द आहे..."

"गप्प!" हैबती ओरडला आणि त्याने झेप घेऊन तिच्या तोंडावर हात ठेवला.

सगळं गाव श्वास रोखून बघत राहिलं. अस्वलाच्या तोंडावर हात ठेवणारा त्या राज्यातला तो पहिला माणूस. अस्वलिणीचे दात त्याच्या तळव्याला लागत होते. पण त्याने हात काढला नाही.

"तुमचा शब्द," तो म्हणाला, "फक्त तुमच्या कासवाच्या कानात. मला नको. मी कितीही चांगला दिसलो तरी नको. चालवत नसेल तर हळू चला, आम्ही बरोबर येतो."

त्याने हात काढला. अस्वलिणीने त्याच्याकडे टक लावून बघितलं.

"तू मला ओळखत नाहीस, मी तुला ओळखत नाही," ती म्हणाली. "शब्द ऐकला असतास तर माझी पेटी तुझी होती. का थांबवलंस?"

"तुमच्या पेटीत आहे काय?" हैबतीने विचारलं.

"पिल्लांसाठी ठेवलंय थोडं."

"माझ्या पण," हैबती म्हणाला.

मग तिघं हळूहळू चालत तळ्यावर गेले. अस्वलिणीने आपल्या कासवाच्या कानात शब्द सांगितला. हैबती आणि सगुणा तेवढ्या वेळ पाठ करून उभे राहिले. अस्वलिणीने मोजून पैसे काढले आणि हैबतीच्या पेटीच्या फटीतून एक एक करून टाकले. हैबतीने आवाज ऐकला, पण नुसत्या आवाजावर विसंबला नाही. आपल्या कासवाला शब्द सांगून, झाकण सरकवून त्याने नाणी डोळ्यांनी बघितली. मगच तो म्हणाला, "नगारा तुमचा."

अस्वलिणीने नगारा पाठीवर घेतला. हैबतीने त्याला शेवटचं एकदा उपरण्याने पुसलं.

पौर्णिमेला आवडी आली. खोली मोकळी होती, सारवलेली होती, फक्त एका बाजूने भिंत नव्हती. अस्वलिणीचे पैसे ती बांधण्यात गेले आणि एक मूठ पैसा आधीच गेला होता, त्यामुळे लाडवांना तूप कमी पडलं. आवडीने एक लाडू चावायचा प्रयत्न केला. मग दुसऱ्या बाजूच्या दातांनी केला.

"बाबा," ती म्हणाली, "वाटेत प्रत्येक वडावर पोपट तुमचं नाव घेत होते. जावई तुमचे हसून हसून गाडीतून पडले."

हैबतीने मान खाली घातली.

"पण निघायच्या आधी आमच्या गावात मला एक म्हातारी भेटली," आवडी म्हणाली. "म्हणाली, तुझ्या बापामुळे माझी पेटी वाचली. मला पण तसाच पोपट आला होता." तिने वडिलांच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तो लाडू निश्चयाने चघळत राहिली.

तर बाळांनो, आणि बाळांच्या आईवडिलांनो, तात्पर्य एवढंच: पैसे आत यायला फट पुरते, म्हणून जो त्यासाठी तुमचा गुपित शब्द मागतो, तो द्यायला नाही, न्यायला आलेला असतो.